कोणती मोटारसायकल टिकते? आधी मॉडेल आणि वर्ष सांगा

होंडा घ्यावी की केटीएम, यामाहा टिकते की बीएमडब्ल्यू, असं विचारलं की उत्तरं ताबडतोब मिळतात. अडचण एवढीच की सांगणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक गाडी असते आणि विचारणाऱ्याला घ्यायची असते दुसरीच. टाकीवरचं नाव तेच राहतं, पण आतलं इंजिन दर काही वर्षांनी बदलतं आणि त्यासोबत त्याची दुखणीही बदलतात. म्हणून ब्रँडची तुलना करायचीच असेल तर ती इंजिनाच्या पिढीपर्यंत आणि नेमक्या भागापर्यंत न्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आकड्यांपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०१५ साली गाडीमालकांच्या पाहणीतून काढलेले आकडे अजून चर्चेत येतात. चौथ्या वर्षापर्यंत बिघाड निघण्याचं प्रमाण यामाहात ११ टक्के, सुझुकी आणि होंडात १२, कावासाकीत १५, हार्लेत २६, ट्रायम्फमध्ये २९, डुकाटीत ३३ आणि बीएमडब्ल्यूत ४० टक्के आलं. जपानी आणि बाकीचे यांच्यातला फरक खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण या बिघाडांत दिवे, स्विच, मीटर अशा वस्तूही मोजलेल्या होत्या. ज्या गाडीवर गरम होणाऱ्या मुठी, इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन, टायरचं प्रेशर दाखवणारे सेन्सर आहेत, तिच्यात बिघडायला वस्तूच जास्त. साध्या ६५० सीसी गाडीशी तिची टक्केवारी थेट लावली तर इंजिनाबद्दल काहीच कळत नाही.

आता भागांकडे येऊ. कावासाकी केएलआर ६५० हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. १९८७ ते २०१८ इतका काळ ही गाडी फारशी न बदलता बनत राहिली आणि दणकट म्हणून जगभर फिरली. तिच्या इंजिनात थरथर कमी करायला बॅलन्सर आहे, तो चेनवर फिरतो, आणि ती चेन ताणून धरायला एक छोटा लिव्हर आणि स्प्रिंग आहे. बोल्ट सैल केला की स्प्रिंगने लिव्हर ओढायचा, चेनचा ढिलेपणा काढायचा, मग बोल्ट आवळायचा, अशी रचना. होतं असं की स्प्रिंग ढिली पडते किंवा तुटते आणि मूळ लिव्हरही मोडतो. तुकडे तेलात पडतात, चेन सैल फिरते. यातली खरी मेख पुढे आहे: स्प्रिंग तुटलेली असताना पुस्तकात दिलंय म्हणून तुम्ही बोल्ट सैल केलात, तर ओढणारं काहीच नसतं आणि चेन आधीपेक्षा जास्त ढिली होते. त्यामुळे आत काय आहे हे पाहिल्याशिवाय त्या बोल्टला हात लावू नये. उपाय म्हणजे बाजारात मिळणारा अखंड मजबूत लिव्हर आणि पीळ देणारी स्प्रिंग. त्यासाठी डाव्या बाजूचं कव्हर आणि फ्लायव्हील काढावं लागतं. फ्लायव्हीलला योग्य पुलर हवाच, हातोडीने ठोकून काढू नये. हे काम एकदा झालं की ही गाडी खरोखर तिच्या नावाला जागते. एवढ्या चांगल्या गाडीचं नाव एका तळहातात मावणाऱ्या तुकड्याने खराब केलं, याचं वाईट वाटतं.

हार्लेच्या ट्विन कॅम इंजिनातही दुखणं चेन ताणणाऱ्या भागाचंच. १९९९ पासूनच्या या इंजिनात कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) चेन स्प्रिंगने दाबलेल्या प्लॅस्टिकच्या बुटावर घासत असे. बूट झिजला की त्याचा भुगा तेलाच्या पंपात जातो आणि पुढचं नुकसान पंप आणि कॅमच्या प्लेटचं. २००७ च्या मॉडेलपासून (डायना मालिकेत २००६ पासून) हायड्रॉलिक ताण आला आणि हा त्रास बराच कमी झाला. म्हणजे '२००५ ची हार्ले' आणि '२००८ ची हार्ले' या विश्वासार्हतेच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या आहेत. जुनी घेत असाल तर ४०,००० किलोमीटरच्या आत कॅमचं कव्हर उघडून बूट पाहिलेला असावा.

होंडालाही सूट नाही. १९५८ च्या सुपर कबपासून या कंपनीने जो विश्वास कमावला तो मोठाच आहे, पण १९८० च्या दशकातल्या व्हीएफ७५० मध्ये कॅमशाफ्ट झिजायला लागले होते. त्याला उत्तर म्हणून १९८६ ची व्हीएफआर७५० आली, तिच्यात कॅम चेनऐवजी गिअरने फिरतात, आणि ते इंजिन टिकण्याच्या बाबतीत आजही आदर्श मानलं जातं. यामाहाचंही तसंच: वरच्या पाहणीत सगळ्यात कमी बिघाड तिचे, पण २०१५ च्या आर१ गाड्या गिअरबॉक्सच्या दोषामुळे परत बोलवाव्या लागल्या.

बीएमडब्ल्यूच्या आर१२००जीएसच्या पहिल्या पिढीत (२००४ पासून) इंजिन मजबूत होतं. दगा द्यायचे ते आजूबाजूचे भाग: फ्युएल पंपाचा कंट्रोलर, चावी ओळखणारी अँटेनाची रिंग, टाकीतला पेट्रोल मोजणारा पट्टीसारखा सेन्सर, आणि मागच्या चाकातल्या फायनल ड्राइव्हचं (शाफ्टची ताकद चाकाला देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) बेअरिंग. केटीएमच्या ६९० सिंगलमध्ये रॉकरच्या (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफेच्या) रोलरचं बेअरिंग झिजतं आणि मग कॅमचा माथा खरवडला जातो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरचा गॅप, तपासताना रोलर बोटाने फिरवून पाहायला वेळ लागत नाही, तेव्हा तो पाहावाच. रॉयल एनफिल्डच्या जुन्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच डब्यात असलेल्या) इंजिनात स्प्रॅग क्लचची (सेल्फची मोटर इंजिनाला एकाच दिशेने जोडणाऱ्या भागाची) तक्रार ओळखीची आहे: बॅटरी अशक्त असताना सेल्फ मारत राहिलं की इंजिन उलट झटका देतं आणि तो झटका स्प्रॅग खातो. बॅटरी वेळेवर बदलणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज. सुझुकी एसव्ही६५० च्या जुन्या पिढ्यांत पुढच्या सिलिंडरच्या प्लगच्या खळग्यातून पाणी बाहेर जायला बारीक छिद्र असतं, ते चिखलाने बुजतं, आणि पावसात गाडी एका सिलिंडरवर चालायला लागते. पातळ तारेने छिद्र मोकळं केलं की काम झालं.

एक दुखणं मात्र ब्रँड बघत नाही, ते म्हणजे चार्जिंग. होंडा व्हीएफआर, सुझुकी व्ही-स्ट्रॉम आणि जीएसएक्स-आर, ट्रायम्फचे जुने ट्रिपल, सगळीकडे रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा स्टेटर (वीज तयार करणाऱ्या कॉइल) जळाल्याच्या तक्रारी सापडतात. कारण बहुतेक ठिकाणी एकच असतं. शंट पद्धतीचा रेग्युलेटर जास्तीचा करंट शॉर्ट करून उष्णतेत घालवतो. म्हणजे स्टेटर कायम पूर्ण ताकदीने काम करत असतो, तुम्ही दिवे लावा की न लावा. म्हणूनच 'एलईडी बसवले, आता स्टेटरवर लोड कमी' हा समज शंट रेग्युलेटरच्या गाडीत चुकीचा ठरतो; वाचलेला करंट उलट रेग्युलेटरलाच जिरवावा लागतो. मॉसफेट (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेला शंट रेग्युलेटर स्वतः कमी तापतो, पण स्टेटरवरचा भार हटत नाही. सिरीज रेग्युलेटर गरज नसताना सर्किट उघडतो, तेव्हा स्टेटरही थंड राहतो.

तपासायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास उभी ठेवून बॅटरीचे व्होल्ट बघा, १२.६ ते १२.८ हवेत. इंजिन चालू करून ५,००० आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.६ मिळायला हवेत. त्यापेक्षा बरेच कमी असतील तर स्टेटरच्या तीन वायरींचा कनेक्टर सोडवा आणि दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्यांचा आकडा जवळपास सारखा आला पाहिजे. नेमका किती, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. मग इंजिन बंद करून प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात रेझिस्टन्स पाहा. तिथे मीटरने काहीही जोडणी दाखवली, तर कॉइलचं वार्निश जळून ती बॉडीला लागली आहे, स्टेटर गेला. स्टेटर चांगला असून व्होल्टेज १५ च्या वर चढत असेल तर दोष रेग्युलेटरकडे. आणि हे सगळं करण्याआधी कनेक्टर नीट बघा. पांढरं प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल, पिना निळसर दिसत असतील, तर रेझिस्टन्स तिथेच वाढलाय. नवा रेग्युलेटर त्याच जळक्या कनेक्टरला जोडला तर तोही जाणार.

देखभालीतला सगळ्यात मोठा फरक व्हॉल्व्हच्या कामात असतो, आणि 'महाग ब्रँड' म्हणतात ते बऱ्याचदा यावरूनच. डुकाटीच्या डेस्मो पद्धतीत व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंग नसते, दुसरा रॉकर असतो. फाबिओ ताल्योनी यांनी १९५६ मध्ये ती डुकाटीच्या रेसिंग गाडीवर आणली, कारण त्या काळच्या स्प्रिंगा जास्त आरपीएमला साथ देत नसत. पण यात प्रत्येक व्हॉल्व्हला दोन गॅप सांभाळायचे, एक उघडणाऱ्याचा आणि एक बंद करणाऱ्याचा. आठ व्हॉल्व्हच्या व्ही-ट्विनमध्ये म्हणजे सोळा मापं. त्यात टायमिंगचा पट्टा रबराचा, तो किलोमीटर न होताही जुना होतो. साधारण पाच वर्षांनी बदलावाच. हे ओझं डुकाटीलाही कळलं असावं. मल्टिस्ट्राडा व्ही४ च्या इंजिनात त्यांनी स्प्रिंगा घेतल्या आणि व्हॉल्व्हची तपासणी थेट ६०,००० किलोमीटरवर गेली. यामाहा एमटी-०७ मध्ये हाच आकडा ४०,००० च्या आसपास आहे, एसव्ही६५० मध्ये २४,०००. रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनमध्ये स्क्रूचे टॅपेट आहेत, कॅम न काढता पाना आणि फिलर गेजने काम होतं. हार्लेच्या मोठ्या ट्विनमध्ये हायड्रॉलिक लिफ्टर, तिथे गॅप बघायचाच नसतो.

शिमच्या (गॅप ठरवणाऱ्या पातळ चकतीच्या) गाडीत हिशोब सोपा आहे: जुन्या शिमची जाडी, अधिक मोजलेला गॅप, वजा हवा असलेला गॅप. समजा एक्झॉस्टला ०.२४ ते ०.३० मिमी हवाय, मोजला ०.१८ आणि शिम १.८० ची आहे. ०.२७ धरला तर १.८० + ०.१८ − ०.२७ = १.७१, १.७० ची शिम टाका, गॅप ०.२८ येईल. इंजिन पूर्ण थंड असताना मोजायचं, नाहीतर हा सगळा हिशोब वाया. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की अशा इंजिनात गॅप बहुधा कमीच होत जातो, कारण व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो. टकटक वाढली की सगळे घाबरतात, पण इंजिन अगदी शांत झालं तर जास्त सावध व्हावं. गॅप उरला नाही की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला पुरता टेकत नाही, उष्णता बाहेर जात नाही आणि कडा जळते.

परफॉर्मन्सचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टरचं ६४८ सीसीचं इंजिन सुमारे ४७ बीएचपी देतं (बीएचपी आणि पीएस ही ताकदीची जवळपास सारखीच मापं), एमटी-०७ चं ६८९ सीसीचं साधारण ७३ पीएस, आणि २०२३ पर्यंतची केटीएम ३९० ड्यूक ३७३ सीसीतून ४४ पीएसच्या आसपास. लिटरमागे काढलं तर अनुक्रमे सुमारे ७३, १०६ आणि ११८ पीएस. जास्त आकडा म्हणजे जास्त उष्णता आणि तेलावर जास्त ताण, हे खरं. पण आरपीएमवरून इंजिन ताणलेलं आहे की नाही हे ठरवू नका. पिस्टनचा सरासरी वेग बघा. स्ट्रोक (पिस्टनचा वर ते खाली प्रवास) मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ३० ने भागा. एमटी-०७ चा स्ट्रोक ६८.६ मिमी, ९,००० आरपीएमला वेग येतो सेकंदाला २०.६ मीटर. इंटरसेप्टर ६७.८ मिमी आणि ७,२५० आरपीएमला १६.४. आर१ ५०.९ मिमी आणि १३,५०० ला २२.९. आता हार्लेचं मिलवॉकी-एट १०७ घ्या: १११.१ मिमी स्ट्रोक, ५,५०० आरपीएमची लाल रेषा म्हणजे कमाल मर्यादा, वेग २०.४. ऐकायला संथ वाटणारी हार्ले लाल रेषेवर असते तेव्हा तिचा पिस्टन ९,००० आरपीएमवरच्या एमटी-०७ इतकाच पळत असतो. इंटरसेप्टर मात्र खरोखर निवांत आहे, आणि तिच्या टिकाऊपणावर माझा भरवसा आहे तो या १६.४ मुळे. ताकद आणि टिकणं यांचा मेळ बघायचा तर एमटी-०७ चं इंजिन मला सगळ्यात पटतं: खालच्या आरपीएमपासून ओढ, साधारण १८४ किलो वजन आणि व्हॉल्व्हचं लांबलेलं अंतर.

वापरलेली गाडी बघायला जाताना मग ब्रँडबद्दलची मतं बाजूला ठेवून त्या मॉडेलचाच भाग तपासा. केएलआर असेल तर लिव्हर बदलल्याची नोंद मागा. डुकाटी असेल तर पट्ट्याची तारीख. किलोमीटर कमी आहेत हे उत्तर चालणार नाही. शाफ्टवाली बीएमडब्ल्यू असेल तर मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक वर आणि खाली धरून हलवा, खेळ हाताला जाणवला तर बेअरिंगची शंका घ्या. शक्य झालं तर फायनल ड्राइव्हचं तेल काढायला लावा आणि त्यात चुंबक फिरवा. करडी बारीक पेस्ट चिकटली तर ती नेहमीची झीज. नखाला टोचणारे कण निघाले, तर पूर्ण फायनल ड्राइव्हच्या दुरुस्तीचा खर्च वजा करून मगच किमतीचं बोला.