इम्बाइबचा लाल ठिपका निघाला, पण एका कार्डाची चार झाली

इंग्रजी क्रियापदांच्या मराठी-कन्नड जोड्या लावत मी एकेका शब्दाचं कार्ड करतोय. जे सुटलेलं नाही त्यावर लाल ठिपका असतो. 'इम्बाइब'च्या (imbibe) कार्डावरचा ठिपका अखेर काल रात्री निघाला. आधीच्या नोंदी वाचणाऱ्यांना माहीत आहे, हे कार्ड गणपतीपासून अडून बसलं होतं. 'स्वॉलो'ला तासभरही लागला नव्हता. आपलं गिळणं, कन्नडचं नुंगु, अपमान गिळण्यापर्यंत सगळं जुळलं आणि कार्ड डब्यात गेलं. 'डायजेस्ट' दोन बैठकांत संपलं. हे मात्र हलेना.

पहिल्या दिवशी मी पुढच्या बाजूवर लिहिलं होतं: 'शोषून घेणे, विचार, संस्कार आत्मसात करणे, पिणे, विशेषतः दारू'. अर्थ बरोबरच होते. मग भाचीने शाळेच्या भाषणातलं वाक्य दाखवलं: 'अवर टीचर्स इम्बाइब गुड व्हॅल्यूज इन अस.' मी म्हटलं, हे चुकलं. ती म्हणाली, "का चुकलं मामा? शिक्षक संस्कार बिंबवतातच की." मला उत्तर देता आलं नाही. चूक आहे हे ठाऊक होतं, का आहे ते सांगता येईना. आणि हेच वाक्य आमच्या बेळगावात स्नेहसंमेलनांत, निरोपसमारंभांत मी कितीदा ऐकलंय! एवढी माणसं एकच चूक करतात तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असणार, हे डोक्यातून जाईना.

कारण सापडलं ते कर्ता-चाचणीत, म्हणजे वाक्यात कर्ता कोण हे तपासण्यात. आपली या घरातली क्रियापदं ओळीने मांडून बघा: मुरणे, जिरणे, भिनणे, बाणणे, रुजणे, बिंबणे. पाणी मुरतं, विष भिनतं, शिस्त अंगी बाणते, विचार मनावर बिंबतो. प्रत्येक वेळी जे आत जातं तेच कर्ता. जमीन, रक्त, अंग, मन ही नुसती जागा. इंग्रजी शब्द नेमका उलटा उभा आहे. तिथे घेणारा तो कर्ता आणि आत जाणारी वस्तू कर्म. माती पाणी इम्बाइब करते, मूल घरातले संस्कार इम्बाइब करतं. शिक्षकाला त्या वाक्यात जागाच नाही. आपल्याकडे मात्र '-वणे' लावलं की तिसरा माणूस आत येतो: मुरवणे, रुजवणे, बिंबवणे. भाचीने मराठी सांगाडा तसाच ठेवून त्यावर इंग्रजी शब्द चढवला, म्हणून शेवटी 'इन अस' आलं. शिक्षकासाठी इंग्रजीत 'इन्स्टिल' आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला थेंब आहे, म्हणजे थेंब थेंब आत सोडणं. शिक्षक इन्स्टिल करतो, विद्यार्थी इम्बाइब करतो. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन महिने लागले.

दुसरा गुंता आवाजाचा होता. इम्बाइब आणि बिंबवणे कानाला सख्खे भाऊ वाटतात, आणि या चुकीला त्याचीही मदत होत असावी असं माझं मत आहे. पण नातं काहीच नाही. बिंब म्हणजे प्रतिमा. इम्बाइब आलं लॅटिन 'बिबेरे'वरून, म्हणजे पिणे, आणि बिबेरेचं भावंड म्हणजे संस्कृतातलं 'पिबति'. त्याच पिबतिवरून प्राकृतातून आपलं साधं पिणे आलं. हे जुळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. कारण पिणे कर्ता-चाचणीत अगदी सरळ बसतं! वांगं तेल पितं. भिंत पाणी पिते. घेणारा कर्ता, जसा इंग्रजीत. मी 'आत्मसात करणे'च्या मागे धावत होतो आणि खरा जोडीदार स्वयंपाकघरात बसला होता.

इथे ठिपका काढणार तोच मोठ्या कोशात एक जुना अर्थ दिसला: भिजवणे, मुरवणे. इंग्रजीत हा अर्थ एकेकाळी होता, आता कालबाह्य अशी खूण आहे. म्हणजे भाची बरोबर? रात्र त्यात गेली. शेवटी उलगडलं की त्या जुन्या वापरात भिजणारी वस्तू कर्म असते, रंगात कापड भिजवावं तशी. भाचीच्या वाक्यात कर्म आहे व्हॅल्यूज. तेव्हा तो आधारही तिला मिळत नाही. पण हे कार्डाच्या मागच्या बाजूला जाणारच.

कन्नड बाजूसाठी किटेलचा १८९४ चा कन्नड-इंग्रजी कोश काढला, आणि वडगावच्या काकूंना विचारलं. 'नीरु नेलदल्ली इंगितु', पाणी जमिनीत मुरलं. 'नेल नीरु हीरितु', जमिनीने पाणी शोषलं. आणि मुरवायचं असेल तर इंगिसु. तीच तिहेरी मांडणी! पलीकडे महाराष्ट्रात 'पाणी अडवा, पाणी जिरवा', इकडे शेतात इंगुगुंडी, म्हणजे पाणी मुरवायचा खड्डा. दोन्ही भाषांत '-वणे'सारखी सोय असताना आमच्या भागातल्या मुलांकडून हे वाक्य असंच येणार.

साहित्याबद्दल: यावेळी खडेबाजारातून आणलेली कार्डं घेऊ नका असंच सांगेन. दिसायला जाड, पण शाई फुटते. टीपकागदावर लिहिल्यासारखं झालं, अकरा कार्डं वाया गेली. जुनी पिवळी, जरा गुळगुळीत कार्डं दीडपट महाग पडतात, पण फाउंटन पेनला तीच बरी. बॉलपेनवर जायला मन होत नाही.

एकच कार्ड करायचं ठरवलं होतं. आता चार होतील: पिणे-शोषणे, मुरणे-जिरणे, बिंबवणे-रुजवणे, आणि वनस्पतिशास्त्रातलं इम्बिबिशन. चौथं वेगळं हवंच, कारण तिथे जिवंतपणाचीही अट नाही. मेलेलं कोरडं बी भिजत घातलं तरी पाणी घेऊन फुगतं. तिथे 'आत्मसात' शोभणारच नाही.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात 'कर्ता कोण' हा रकाना हवा. म्हणजे झालेली दोनशे कार्डं पुन्हा काढायची. 'अब्सॉर्ब' पुढे ढकलतो, आधी हा रकाना.

खानापूर, निपाणी, चंदगडकडच्यांनी एवढं कळवा: तुमच्या घरी पावसाळ्यात भिंत पाणी पिते, ओढते, की भिंतीला ओल धरते? पहिल्या दोन्हींत भिंत कर्ता, तिसऱ्यात ओल, आणि पहिल्या कार्डासाठी मला गावागणिक वापर हवाय.