चार ओळी, पाच आठवडे

आधीची सहा वर्षं बँकेच्या ॲपमध्ये गेली. तिथे संध्याकाळी दुरुस्ती टाकली की सकाळी लोकांच्या फोनवर. आता पुण्यात बसून जर्मनीतल्या चालकविरहित गाडीसाठी कोड लिहितो. इथला माझा पहिला बदल चार ओळींचा होता आणि तो गाडीत जायला पाच आठवडे लागले.

तक्रार अशी होती: समोर उभा असलेला ट्रक आमच्या ट्रॅकरला, म्हणजे आसपासच्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्या कोडला, आहे त्यापेक्षा लांब भासायचा आणि वेग वाढला की फरकही वाढायचा. तिथेच मेख होती. लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, सेकंदाला दहा फेऱ्या मारतो, एका फेरीला 100 मिलिसेकंद. कोडने वेळ धरली होती ती डेटा पोचल्याची, मोजल्याची नव्हे. ताशी 60 किलोमीटरला गाडी तेवढ्यात 1.67 मीटर पुढे गेलेली असते. मी वेळ बदलली, रिव्ह्यूला टाकलं आणि चहाला गेलो.

परत येतो तर टीमच्या लीडची कमेंट: "जुना कोड जिच्यावर नापास होतो ती टेस्ट कुठंय?"

माझी टेस्ट जुन्या कोडवरही पास होत होती! सिम्युलेटरमध्ये डेटा क्षणात पोचतो, मग उशीर दिसणार कुठून? म्हणून चाचणीच्या ट्रॅकवर गाडीने केलेलं खरं रेकॉर्डिंग चालवलं. तोच कोड, तेच रेकॉर्डिंग, तीन वेळा, तीन उत्तरं. थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कोडचे भाग, ज्या क्रमाने जागे होतील त्या क्रमाने सेन्सरचे मेसेज लागत होते. रेकॉर्डिंगच्या घड्याळानेच मेसेज सोडायची सोय करण्यात दोन आठवडे गेले.

मग लीडने माझ्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. मेसेज उलट्या क्रमाने आला की मी त्या वस्तूचा आधीचा माग टाकून नव्याने सुरू करत होतो. "टेंपीचा अहवाल वाच," एवढंच म्हणाली. मार्च 2018, ॲरिझोनातलं टेंपी: उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीच्या धडकेत एक बाई गेली. सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी ती बाई त्या गाडीच्या सिस्टमला 5.6 सेकंद आधी दिसली होती; पण तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर' ठरवलं गेलं आणि दरवेळी आधीचा माग हिशेबातून गेला. ती कुठे चाललीय हे कळणार कसं? अहवाल मिटला आणि ती ओळ काढून टाकली.

आयएसओ 26262 या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक सिस्टमच्या सुरक्षेच्या मानकाच्या कागदपत्रांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. भरावी लागतात, भरली.

पाचव्या शुक्रवारी ट्रॅकवरून मेसेज आला, ट्रक जिथे उभा आहे तिथेच दिसतोय. बदल तीन ओळींचा उरला होता, टेस्ट चारशे ओळींची.