तीन तबकड्या आणि चार दिवस

माझ्याकडे संपादनाला आलेलं कादंबरीचं हस्तलिखित, इतिहास शिकवणाऱ्या एका सरांचं. सतरावं प्रकरण वाचताना मी पेन्सिल बाजूला ठेवली, इतकं ते चांगलं होतं. डिसेंबर १९७१, गिरगावातली चाळ, ब्लॅकआउट. काचांना खळीनं चिकटवलेला काळा कागद, खालून ‘लाइट बंद करा’ अशी हाळी. आत गोधडीखाली रेकॉर्ड प्लेअरवर १ ऑगस्टची न्यूयॉर्कची मैफल: बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी. पंडितजी वाद्यं जुळवतात, रॉक ऐकायला आलेले लोक त्यालाच टाळ्या देतात. जुळवणंच एवढं आवडलं, तर वादनही आवडेल, असं ते म्हणतात. इथे नायकाचे आजोबा, नाटक कंपनीत तबला वाजवलेले, अंधारात खदखदून हसतात.

मग सवयीनं तारखा लावल्या. युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पेटलं, १६ तारखेला ढाक्यात शरणागती. तीन तबकड्यांचा तो संच अमेरिकेत निघाला २० डिसेंबरला, इंग्लंडात तर जानेवारीत. चार दिवसांनी आजोबांचं हसू गेलं.

सर म्हणाले, ‘अहो, कादंबरी आहे, घटक चाचणी नाही.’ वर्गात सनावळी चुकली की मार्क कापणारे हेच. प्रकाशकांच्या मते वाचक एवढं बघत नाही. बघतो, आणि बघणाराच पत्र पाठवतो.

हॅरिसनची त्याच विषयावरची सिंगल, म्हणजे बाजूला एकच गाणं असलेली छोटी तबकडी, जुलैअखेर निघाली होती. बोटीवरच्या मामानं ती लंडनहून आणावी, असं सुचवलं. सरांनी मामाला सुएझमधून आणलं! सुएझ १९६७ ते १९७५ बंद. आफ्रिकेच्या टोकाला, केपचा वळसा घालूनही तो ऑक्टोबरात पोचतो, म्हणून निभावलं.

मग खरं काम. इंग्लंडची सिंगल म्हणजे मधलं भोक लहान, अडॅप्टर नको. अमेरिकेची असती तर अडॅप्टरशिवाय तबकडी मधोमध बसतच नाही. वेग मिनिटाला ४५ फेरे. खटका ३३ वर राहिला तर षड्ज जवळपास मंद्र पंचमावर उतरतो, लयही तितकीच रेंगाळते. व्हॉल्व्हचा प्लेअर तापायला अर्धा मिनिट घेतो आणि मागच्या जाळीतून तांबूस उजेड सांडतो, म्हणून गोधडी. पण ती जाळीलाच टेकली तर हवा कोंडते, जळका वास सुटतो. सरांनी यातलं एकही वाया घालवलं नाही. खटका ३३ वर राहतो आणि आजोबा विचारतात, ‘याला पडसं झालंय का रे?’

हसू आलं. पण टाळ्यांवरचं ते हसू नाही, कारण सिंगलवर ते जुळवणंच नाही. मूळ पानं माझ्या खणात आहेत.

परवा सरांचा फोन: ‘तो प्रसंग बहात्तरच्या मे महिन्यात नेला तर?’

‘तेव्हा काचांवर कागद नसेल, सर.’

‘खळीचे डाग असतील ना?’

याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.