मॉरिशस: व्यापार करारांची तयारी जवळून बघायची असेल तर

मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एवढ्याशा देशाने युरोपीय संघ, चीन आणि भारत अशा तिघांशी व्यापार करार केलेत. छोट्या देशांच्या व्यापार अधिकाऱ्यांच्या एका कार्यशाळेत मी तिथे शिकवायला गेले होते. परतल्यावर अभ्यासासाठी तिकडे निघालेली मंडळी विचारू लागली, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात मंत्रालयापासून करू नका. पोर्ट लुईच्या उत्तरेला पांपलमूसजवळ बो प्लाँला बंद पडलेल्या साखर कारखान्यात संग्रहालय केलंय, तिथे अर्धा दिवस काढा. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला तिथली यंत्रं परकी वाटणार नाहीत. १९७५ मध्ये युरोप आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिकमधले देश यांच्यात लोमे करार झाला, त्यासोबत साखरेचा प्रोटोकॉल (जोडकरार) आला. ठरलेली साखर ठरलेल्या भावाने युरोप घ्यायचा आणि त्यात सर्वांत मोठा वाटा मॉरिशसचा. पुढे ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकला. युरोपने २००६ पासून भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला, २००९ मध्ये प्रोटोकॉलच गुंडाळला. भांडण भलत्यांचं, फटका बसला मॉरिशसच्या ऊसवाल्याला. त्यानंतर हा देश कच्ची साखर ढिगाने विकायचं सोडून शुभ्र आणि खास प्रकारच्या साखरेकडे वळला. करारात ही माणसं नेमकं काय मागतात, ते हे कळल्यावरच कळतं.

कार्यशाळेत सगळ्यांत रंगला तो सराव सुती शर्टाचा. एचएस कोड (कस्टमसाठी जगभर वापरतात तो वस्तूंचा क्रमांक) ६२०५.२०, कापड बाहेरचं, शिलाई मॉरिशसची. करारातली शुल्क सवलत फक्त त्या देशाच्या ठरणाऱ्या मालालाच मिळते. मग शर्ट कुणाचा? युरोपशी झालेल्या अंतरिम करारात (सही २००९, ग्राँ बे) नुसत्या शिलाईवरही तो मॉरिशसचा ठरतो. हीच सवलत दुसऱ्या करारात नसेल, तर शून्य आयात शुल्क कागदावरच राहतं. एका बेटाची अधिकारी वैतागून म्हणाली, ‘आमच्याकडे युरोप, आफ्रिका आणि जिनिव्हा (म्हणजे जागतिक व्यापार संघटना), तिन्ही मीच!’ सगळे हसले, पण खरी अडचण तीच. मोठा देश कराराच्या प्रत्येक प्रकरणाला वेगळी तुकडी पाठवतो. छोट्याला आधी ठरवावं लागतं की कोणत्या दहा-वीस वस्तूंसाठी भांडायचं आणि बाकीचं कुठे सोडायचं. ही यादी सचिवालयात बसून होत नाही, कारखानदार आणि कस्टमवाले एका टेबलाशी लागतात. मॉरिशसचं व्यापारी चेंबर (व्यापारी-उद्योजकांची संघटना) १८५० चं आहे, ते यात मुरलेलं आहे.

भारताशी झालेला करार (सही २२ फेब्रुवारी २०२१, लागू १ एप्रिल) जाण्याआधी वाचाच. आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा हा पहिलाच. भारताला ३१० वस्तूंवर सवलत, मॉरिशसला ६१५ वर: गोठवलेले मासे, खास साखर, बिस्किटं, बिअर, कपडे. सेवांमध्ये मात्र उलटं, भारताला ११५ उपक्षेत्रं आणि त्यांना ९५. बोलणी २००५ च्या सुमाराची, पण एकाच कमाईवर दोन्ही देशांनी कर घेऊ नये यासाठीच्या, दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारावरून अडली. मे २०१६ मध्ये तो कर-करार बदलला तेव्हा कुठे गाडी हलली. तिथल्या माणसांना विचारायचंच असेल तर ‘काय मिळालं’ हे विचारू नका, ते छापून आलंय. ‘मधली दहा वर्षं फाइल कुणी जिवंत ठेवली’ हे विचारा, माणसं खुलतात.

आता सोयीचं. मुंबईहून थेट विमान आहे, भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण प्रवासाचा ऑनलाइन फॉर्म भरून ठेवा. विमानतळ आग्नेय टोकाला, मेट्रो तिथे जात नाही. टॅक्सीचे पैसे बसण्याआधी ठरवा. पोर्ट लुईत राहणं सोयीचं, संध्याकाळी मात्र शहर सामसूम. मेट्रो क्युरपीपपर्यंत जाते आणि रोझ हिलहून एबेन व रेद्वीकडे फाटा फुटतो, म्हणजे रेद्वीचं विद्यापीठही मेट्रोवरच. सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, गप्पा क्रिओल या तिथल्या बोलीत. फ्रेंच थोडीफार वाचता आली तर निम्मं काम होतं. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ, टाळा. जून ते डिसेंबर ऊसतोड चालते, कारखाना चालू बघायचा तर तेव्हाच. दुपारी दालपुरी खा, पुरणपोळीतला गूळ काढून तिखट रस्सा घातल्यासारखी लागते.

भेटीची पत्रं निदान महिनाभर आधी पाठवा आणि त्यात एकच नेमका प्रश्न लिहा. ‘व्यापार धोरणाविषयी चर्चा’ असं लिहिलेलं पत्र तसंच पडून राहतं. सप्टेंबरात जाणार असाल तर कॅलेंडर बघा. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी कार्यालयात कुणी सापडणार नाही.