पंखे फिरतात, स्क्रीन काळी: गेमिंग पीसी जोडतानाचा माझा अनुभव

“हो मॅडम, सपोर्टेड आहे.” “हा प्रोसेसर या बोर्डावर चालेल ना?” या माझ्या प्रश्नावर मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) विकणाऱ्याने दिलेल्या या एका उत्तरावर मी विसंबले आणि पुढचे अकरा दिवस टेबलावर उघड्या पडलेल्या सांगाड्याकडे बघत बसले. चीड याची येते की त्याला खोटारडा म्हणायचीही सोय नाही. त्याने अर्धंच सांगितलं आणि उरलेलं अर्धं विचारायचं मला सुचलं नाही.

भाग निवडण्यात दीड महिना गेला, आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ ग्राफिक्स कार्डाने खाल्ला. पैसे मोजके, खेळायचं १०८० पिक्सेलवर, म्हणून ठरवलं होतं की सर्वांत मोठा वाटा कार्डाला द्यायचा आणि बाकीच्यांनी उरलेल्यात भागवायचं. हा हिशोब मला अजूनही बरोबर वाटतो. आधी आरएक्स ६५०० एक्सटी घेणार होते, कारण ते परवडत होतं. मग कळलं की ते कार्ड पीसीआय-ईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटेच्या) फक्त चार लेनवर चालतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते खपून जातं, पण माझा बोर्ड बी४५०, म्हणजे तिसऱ्या पिढीचा. तिथे त्याच चार लेनची वाट निम्मी अरुंद होते, आणि चार जीबी मेमरी भरली की कार्ड धापा टाकायला लागतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (चित्रण साठवण्याजोगं करणारा भाग) नाही, म्हणजे खेळ रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर. पैसे थोडे वाढवून आरएक्स ६६०० घेतलं. आठ जीबी, आठ लेन, वीज १३२ वॅट, एकच आठ पिनची वायर. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याचं नुकसान होतं, पण किरकोळ. ही निवड एवढी छान जमली की मी हुरळले आणि मदरबोर्डाकडे ढुंकून पाहिलं नाही. जो स्वस्त मिळाला तो घेतला.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, सोबत कूलर फुकट. ५६००जी घ्यावा का, यावर धाकट्या भावाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, “ताई, जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं, अडीअडचणीला बरं.” माझं म्हणणं, जी ची एलथ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आणि साध्या ५६०० ची ३२, खेळात तो फरक दिसतो, आणि कार्ड तर घेतेच आहे. कागदावर मी बरोबर होते. पुढे जे झालं त्यावरून भाऊ अजून टोमणे मारतो.

एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) जायचा विचार आला होता, पण तिथे डीडीआर५ या नव्या रॅमशिवाय पर्याय नाही आणि बोर्डही तेव्हा महाग होते. म्हणून आधीचं एएम४. २०१७ पासून रायझनच्या कितीतरी पिढ्या या एकाच सॉकेटमध्ये बसत आल्या. याचंच मला कौतुक होतं, आणि नेमकं इथेच मी फसले.

भाग एकदम घेतले नाहीत, जमेल तसे घेतले. बोर्ड पहिला आला, प्रोसेसर सर्वांत शेवटी. तोवर बोर्ड खोक्यातच होता, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. ही माझी सर्वांत मोठी चूक, म्हणून इथेच सांगते: एकेक भाग घेत असाल तर बोर्ड आणि प्रोसेसर एकाच वेळी घ्या. परत करायची मुदत खोक्यावरचा चिकटपट्टा फोडण्याची वाट बघत नाही.

जोडणी एका दुपारी झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळे स्क्रू जागेवर बसले. संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डावरचा दिवा लागला, भाऊ टाळ्या वाजवायला लागला. स्क्रीन काळी. “ताई, फॅन फिरतोय म्हणजे चालू आहे ना?” नाही रे बाबा. पंखे फिरायला नुसती वीज लागते, प्रोसेसरने शुद्धीवर यावं लागत नाही.

बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट. जिथे गाडी अडते तिथला दिवा लागून राहतो. माझ्याकडे पहिला लाल होऊन बसला होता. पण मला तेव्हा ते दिवे वाचायचे असतात हेच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, शोभेचे आहेत. म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. एचडीएमआय केबल बदलली. केबल बोर्डाला लावली आहे की कार्डाला ते तपासलं (कार्डालाच होती, एवढी अक्कल होती). दोन्ही रॅम काढल्या, एकच लावली, मग दुसरी, मग दुसऱ्या खाचेत. कार्ड काढून बसवलं. सीपीयूची ४+४ पिनची वायर राहिली का पाहिलं. ती राहिली की अगदी असंच होतं, त्यामुळे ती नीट बसलेली दिसल्यावर मी निराशच झाले. बोर्डाच्या सेटिंग पुसल्या जाव्यात म्हणून त्यावरचा बटणाएवढा सीआर२०३२ सेल काढून दहा मिनिटं बाहेर ठेवला. काळी ती काळीच.

आता ग्राफिक्स आत असलेला प्रोसेसर असता तर निदान कार्ड बाजूला काढून ठेवता आलं असतं, पण ५६०० ला कार्डाशिवाय चित्र दाखवताच येत नाही. कार्ड बिघडलंय की बोर्ड की प्रोसेसर, हे ओळखायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. भाऊ त्या दिवशी काही बोलला नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

मग विक्रेत्यांची फेरी. बोर्डवाला म्हणाला, प्रोसेसर तपासून घ्या. प्रोसेसरवाला म्हणाला, बोर्ड तपासून घ्या. बोर्डवाल्याला परत विचारलं तर म्हणे, परत घ्यायची मुदत केव्हाच उलटली, आता वॉरंटीत पाठवा, तीन-चार आठवडे धरून चाला. आणि वर पुन्हा तेच: “सपोर्ट तर आहे मॅडम, वेबसाइटवर बघा.”

बघितलं. बोर्ड बनवणाऱ्यांच्या पानावर प्रोसेसरांची लांबलचक यादी असते. ५६०० होता की त्यात! जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात शेवटच्या रकान्याकडे लक्ष गेलं. प्रत्येक प्रोसेसरपुढे बायोसची (मशीन सुरू करणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्राम) एक आवृत्ती लिहिलेली होती: हा प्रोसेसर अमुक आवृत्तीपासून पुढे. बी४५० हा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) २०१८ चा, रायझन ५६०० आला २०२२ च्या एप्रिलमध्ये. माझा बोर्ड जेव्हा केव्हा कारखान्यातून निघाला असेल, तेव्हा त्याच्या बायोसला या प्रोसेसरची ओळखच नव्हती. बायोसच्या चिपवरची चिकटपट्टी टॉर्च मारून वाचली. खूप जुना आकडा. म्हणजे सपोर्ट होता, पण बायोस अपडेट केल्यावर. आणि अपडेट करायला मशीन चालू व्हायला हवं. आणि मशीन चालू व्हायला अपडेट हवं.

काही बोर्डांना मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असतं. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, नव्या बायोसची फाइल असलेला पेन ड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं, आत प्रोसेसर आणि रॅम नसली तरी बायोस बदलतो. थोडे जास्त पैसे टाकले असते तर तसा बोर्ड मिळत होता. मी तो मुद्दाम टाळला होता, कारण “बटण काय करायचंय?” हे शब्द माझेच. काही खोक्यांवर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’ असा स्टिकर असतो, तो असला तरी चिंता मिटते. माझ्या खोक्यावर तो नव्हता.

उरला एकच मार्ग: जुना रायझन कुणाकडून तरी उसना आणायचा. चार जणांना विचारलं, दोघांनी तर “प्रोसेसर उसना?” म्हणून हसून घेतलं. शेवटी ऑफिसमधल्या एकाने नवा प्रोसेसर घेतल्यावर जुना रायझन ३ १२०० खणात टाकून ठेवला होता, तो मिळाला. त्यासाठी सहा दिवस थांबले, कारण तो गावाला गेला होता. या सहा दिवसांत मी शांत बसायला हवं होतं. नाही बसले.

पाचव्या रात्री मला वाटलं, प्रोसेसर निदान काढून तरी ठेवू, म्हणजे उद्या वेळ वाचेल. कूलरचे चार स्क्रू सोडवले आणि कूलर सरळ वर ओढला. कटकन आवाज आला. कूलर हातात, आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही. सॉकेटची कडी खाली लावलेलीच होती, तरी तो उपटून आला. एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात, एक हजार तीनशे एकतीस. कूलरखालची पेस्ट थंड असली की गोंदासारखी धरते. एरवी लोक मशीन थोडा वेळ चालवून ती गरम करतात आणि मगच कूलर काढतात. माझं मशीन चालतच नव्हतं. अशा वेळी हेअर ड्रायरने कूलर कोमट करायचा आणि ओढायच्या आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून पकड सोडवायची. हे मी रात्री दीड वाजता, प्रोसेसर हातात धरून वाचलं.

कोपऱ्यातल्या दोन पिना वाकल्या होत्या. नुसत्या डोळ्यांनी धड दिसतही नव्हत्या, मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिलं तेव्हा रांगेतून बाहेर आलेल्या दोन रेषा दिसल्या. झिरो पॉइंट फाइव्हची शिशाची पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं. पुढची पोकळ नळी पिनेवर अलगद बसते. एकेक करून ती नळी पिनेवर चढवायची आणि केसभर सरळ करायची, एका झटक्यात नाही. पिन तुटली तर संपलं. शेवटी जुनं प्लास्टिकचं कार्ड दोन रांगांमधून फिरवून पाहिलं. सगळीकडून न अडकता गेलं. त्या अर्ध्या तासात मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. भावाला हे अजून सांगितलेलं नाही, आता वाचेल.

दुसऱ्या दिवशी १२०० आला. बसवला, बटण दाबलं आणि चार सेकंदांत स्क्रीनवर बोर्डाचं चिन्ह उमटलं. एवढ्या साध्या चित्राकडे बघून डोळ्यांत पाणी यावं! तेव्हा कळलं की कार्ड, रॅम, पॉवर सप्लाय सगळे पहिल्या दिवसापासून ठणठणीत होते.

अपडेट करताना आणखी एक गोष्ट: माझ्या बोर्डाच्या पानावर लिहिलं होतं की एवढ्या जुन्या आवृत्तीवरून थेट नवीवर जाऊ नका, आधी मधली एक टाका. सगळ्या बोर्डांना हे लागत नाही, पण प्रत्येक आवृत्तीखालची बारीक टीप वाचल्याशिवाय फाइल उतरवू नका. जुन्या बोर्डांवर बायोसची चिप बऱ्याचदा १६ एमबीचीच असते, सगळ्या पिढ्या तिच्यात मावत नाहीत, त्यामुळे नवी आवृत्ती काही वेळा जुन्या प्रोसेसरांना घराबाहेर काढते. दोनदा फ्लॅश केलं (म्हणजे चिपवर नवा बायोस लिहिला), दोन्ही वेळा यूपीएसवर, आणि पट्टी शंभरपर्यंत जाईस्तोवर भावाला त्या टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. मग १२०० काढला (यावेळी कूलर फिरवून, सावकाश), ५६०० बसवला, नवी पेस्ट मटाराएवढी लावली. चाललं. वाकवून सरळ केलेल्या दोन पिनांसकट चाललं.

राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा.

पॉवर सप्लायवरचं ८० प्लस म्हणजे वीज किती वाया जात नाही याचं प्रमाणपत्र, आतला माल चांगला असल्याची हमी त्यात नाही. माझ्या भागांना ५५० वॅट भरपूर झालं. वॅटचा आकडा फुगवलेला, अनोळखी डबा घेण्यापेक्षा कमी वॅटचा नावाजलेला बरा. पैसे वाचवायला मी कॅबिनेट साधं घेतलं, पुढे जाळी असलेलं, काच नसलेलं. पश्चात्ताप नाही. मात्र घेण्याआधी कार्डाची लांबी मोजा.

रॅम १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, आठच्या दोन घ्या. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम मुकाट्याने २१३३ वर चालत राहते. माझी चालली, तीन दिवस.

दुसऱ्या एम.२ खाचेत (थेट बोर्डावर बसणाऱ्या चपट्या एसएसडीची खाच) एसएसडी लावणार असाल तर बोर्डाचं पुस्तक बघा, बऱ्याच बोर्डांवर तसं केलं की साटाचे, म्हणजे हार्ड डिस्क जोडायचे, एक-दोन पोर्ट बंद पडतात. मी हार्ड डिस्क मेली म्हणून घाबरले होते.

आणि भाऊ परवा माझ्यामागे उभा राहून खेळ बघत होता. “ताई, तुझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे ना?” म्हणाला. हो म्हटलं, सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा. त्याने माउस घेतला, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेला आणि मला आकडा दाखवला. साठ.