तुम्ही विचारलंत म्हणून: चिनी माणसाला आपल्याबद्दल काय वाटतं?

चीनवर लिहिणाऱ्याला एक प्रश्न हमखास येतो. ‘सरकारचं जाऊ द्या हो, तिकडच्या साध्या माणसाला भारताबद्दल नक्की काय वाटतं?’ आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एखादा आकडा, की नव्वद टक्के चिनी भारताला धडा शिकवायला निघालेत.

आधी उत्तर देतो. फारसं चांगलं वाटत नाही, आणि मुळात फारसं वाटतच नाही. अमेरिका, जपान आणि तैवानवर तिकडे जेवढा खल चालतो, त्या मानाने आपण कोपऱ्यात आहोत. २०१६ साली, म्हणजे सीमेवरच्या डोकलाम (२०१७) आणि गलवान (२०२०) या दोन्ही संघर्षांच्या आधी, अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या पाहणीत भारताबद्दल बरं मत असलेले चिनी जेमतेम चौथा हिस्सा होते. त्यामुळे ‘गलवाननंतर सगळं बिघडलं’ हेही अर्धंच खरं.

आता तो नव्वदचा आकडा. तो बहुधा ऑगस्ट २०२०चा असतो. गलवानला दोन महिने झाले होते. ‘ग्लोबल टाइम्स’ आणि बीजिंगमधल्या एका सरकारी संशोधनसंस्थेने दहा शहरांतल्या १,९६० लोकांना विचारलं होतं. प्रश्नाचा आशय असा, की भारताने पुन्हा कुरापत काढली तर चीनने जोरदार उत्तर द्यावं का? कुरापत समोरच्याने काढली हे प्रश्नातच ठरवून टाकलंय. देशांची नावं उलटी करून हाच प्रश्न पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर विचारा, नव्वदच्या खाली आलात तर सांगा. शिवाय विचारणारं वर्तमानपत्र कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राच्या घरातलं, आणि दहाही ठिकाणं शहरंच. म्हणून आकडा खोटा ठरत नाही. तो एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर आहे, एवढंच.

प्रश्नाच्या शब्दांनी काय होतं ते तैवानच्या बाबतीत फार ठसठशीत दिसतं. अ‍ॅडम लिऊ आणि शियाओजुन ली या दोन अभ्यासकांनी चीनभरातल्या १,८२४ लोकांची ऑनलाइन पाहणी केली. ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. एकीकरणासाठी, म्हणजे तैवान चीनमध्ये आणण्यासाठी, सर्वंकष युद्धाला ५५ टक्क्यांचा पाठिंबा, साधारण एक तृतीयांशांचा विरोध. बातम्यांचा मथळा तयार! पण त्या पाहणीत प्रत्येक पर्यायावर वेगळं मत विचारलं होतं. आर्थिक निर्बंध, लहान बेटांपुरती चढाई, तूर्त आहे तसंच चालू ठेवणं, या सगळ्यांना जवळपास तेवढाच पाठिंबा मिळाला. बाकी सगळे पर्याय झिडकारून फक्त तत्काळ युद्धच हवं म्हणणारे होते एक टक्का. पुढे अमेरिकेतल्या कार्टर सेंटरने आणि एमरी विद्यापीठाने चिनी लोकांनाच विचारलं, की तैवानचा प्रश्न कोणत्याही परिस्थितीत बळाने सोडवू नये, पटतं का? सुमारे ५५ टक्के म्हणाले, पटतं. सुमारे एक चतुर्थांशांना पटलं नाही, उरलेले मधोमध. म्हणजे एका पाहणीत ५५ टक्के युद्धाला तयार, दुसरीत ५५ टक्के बळ नको म्हणणारे. यातला कोणता आकडा फॉरवर्ड होतो, ते वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं असं, की बहुतेकांचं मत पक्कं नसतं. ‘एकीकरण व्हायला हवं’ एवढं पक्कं असतं. कसं, याचं उत्तर समोर ठेवलेल्या पर्यायाला मान डोलावून दिलं जातं. म्हणून पाहणी वाचताना मी आधी प्रश्नपत्रिका शोधतो. ती मिळाली नाही तर आकडा बाजूला. मग तारीख. मग लोक कसे गाठले ते. ऑनलाइन पॅनेलवर तरुण, शहरी, शिकलेले जास्त सापडतात, आणि अमेरिकी अभ्यासक जेसिका चेन वाइस यांच्या २०१९च्या अभ्यासात तरुणच जास्त आक्रमक निघाले होते. तेव्हा वयानुसार भार दिला नाही, म्हणजे प्रत्येक वयोगटाला लोकसंख्येतल्या प्रमाणाएवढंच वजन दिलं नाही, तर अख्खा देश आहे त्याहून तापलेला दिसतो. घरी जाऊन विचारलं तर समोर बसलेल्या माणसाचा संकोच आडवा येतो. आणि परदेशी संस्थेला तिथे स्वतः पाहणी करताच येत नाही. २००४च्या नियमांप्रमाणे परवाना असलेल्या स्थानिक कंपनीमार्फत जावं लागतं, सामाजिक विषय असेल तर आधी मंजुरीही घ्यावी लागते.

लोक घाबरून खोटं बोलतात का, हा पुढचा प्रश्न. ते मोजायची एक झकास युक्ती आहे. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. पहिल्या गटाला तीन निरुपद्रवी विधानं द्यायची, दुसऱ्याला तीच तीन आणि एक नाजूक. कोणती पटतात हे विचारायचंच नाही, किती पटतात एवढंच विचारायचं. समजा पहिल्या गटाची सरासरी १.८ आली आणि दुसऱ्याची २.४, तर फरक ०.६. म्हणजे नाजूक विधान ६० टक्क्यांना पटलं, आणि कोणी एकट्याने तोंड उघडलेलं नाही. बिघडतं कुठे? तिन्ही साधी विधानं सगळ्यांनाच पटण्यासारखी असली तर ‘चार’ म्हणणारा उघडा पडतो. म्हणून त्यातली एक-दोन सहसा न पटणारी निवडावी लागतात. शिवाय दोन सरासरींमधली चूक फरकात एकत्र येते, त्यामुळे माणसं कितीतरी जास्त लागतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात, थेट विचारल्यावर पक्षाला नव्वदच्या वर असलेला पाठिंबा या पद्धतीने ५० ते ७० टक्क्यांवर आला.

हे झालं स्वतःच्या सरकारबद्दल. परदेशांबद्दल बोलताना भीती एकाच बाजूने काम करते. जपानला शिव्या दिल्या म्हणून सहसा कोणाचं काही बिघडत नाही. पण ऑगस्ट २०२२मध्ये सुजोऊ शहरात किमोनो हा जपानी पोशाख घालून रस्त्यात फोटो काढणाऱ्या तरुणीला पोलीस घेऊन गेले. गलवानमध्ये स्वतःचे चार जवान गेले असं चीनने फेब्रुवारी २०२१मध्ये मान्य केलं. त्या आकड्यावर वेइबो या ट्विटरसारख्या चिनी समाजमाध्यमावर शंका घेणाऱ्या एका लेखकाला आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या वेइबो खात्याला पंचवीस लाख लोक वाचत होते. आता वेइबोवर भारताविषयी जे दिसतं, ते यातून गाळून उरलेलं. तेव्हा तिथल्या प्रतिक्रियांचे स्क्रीनशॉट म्हणजे जनमत, असं धरू नका. कडक बोलणाऱ्याला रस्ता मोकळा आणि मऊ बोलणाऱ्याला टोल, असा तो प्रकार आहे.

सगळ्यात विश्वासाची गोष्ट म्हणजे एकच प्रश्न वर्षानुवर्षं विचारणारी मालिका. जपानची ‘गेनरॉन’ ही संस्था २००५पासून चिनी भागीदाराबरोबर दोन्ही देशांत दरवर्षी पाहणी करते. चीनमध्ये मोठ्या शहरांतल्या दीडेक हजार लोकांना प्रत्यक्ष भेटून. दोन्ही देश हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांपैकी (चिनी नाव दिआओयू) तीन जपान सरकारने सप्टेंबर २०१२मध्ये विकत घेतली. पुढच्या वर्षी जपानबद्दल वाईट मत असलेले चिनी ९२.८ टक्के होते. पुढे हा पारा उतरला, २०२३मध्ये ६२.९. आणि २०२४मध्ये एकदम ८७.७! ‘जपानशी संबंध महत्त्वाचे आहेत’ म्हणणारे त्याच वर्षात ६०.१वरून २६.३वर घसरले. मधल्या काळात जपानच्या फुकुशिमा अणुवीजकेंद्रातलं पाणी समुद्रात सोडलं गेलं होतं, चीनने जपानी मासळी बंद केली होती आणि महिनोन्‌महिने त्याच बातम्या चालू होत्या. एका वर्षात पंचवीस टक्के लोकांचं मत स्वतःच्या अनुभवाने पालटत नाही; बातमीचा नळ एका हातात असला की पालटतं. गंमत पुढे आहे. त्याच २०२४मध्ये चीनमधून जवळजवळ ७० लाख पर्यटक जपानला फिरून आले. वाईट मत आणि ओसाकाचं तिकीट एकाच माणसाच्या खिशात बसतं.

आपल्याबाबतही तसंच. शांघायच्या परकीय वसाहतीत इंग्रजांनी आणलेल्या शीख पोलिसांवरून पडलेली ‘आ-सान’ ही हेटाळणी आजही भारतीयांसाठी सर्रास वापरली जाते. आणि त्याच देशात शिजियाझुआंगला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी राखलेली आहे, ‘के दिहुआ’ या चिनी नावाने. आपल्याकडच्या भाषणांत कोटणीस आले की चिनी मैत्रीचा पुरावा मिळाल्यासारखं बोलतात. ‘भारत आवडतो का?’ या उत्तरात ते उतरल्याचं मला तरी दिसत नाही.

सीमेवरच्या प्रश्नांत आणखी एक खाच आहे. अरुणाचलला तिकडे ‘झांगनान’, म्हणजे दक्षिण तिबेट म्हणतात. २०१७पासून तिथल्या गावांच्या, डोंगरांच्या ‘प्रमाणित’ चिनी नावांच्या याद्या निघतायत, २०२४च्या यादीत ३० नावं होती. प्रश्नपत्रिकेत ‘झांगनान’ छापलं की अर्धं उत्तर तिथेच दिलं गेलं. समोरच्याने शाळेच्या नकाशात तो भाग लहानपणापासून चीनच्याच रंगात पाहिलेला असतो. ‘सोडून द्यायचा का?’ याला तो ‘हो’ म्हणेल कशाला?

ताजा आकडा द्या, असंही विचारता. जपानच्या पंतप्रधानांच्या तैवानविषयीच्या विधानावरून नोव्हेंबर २०२५मध्ये वाद पेटला, आणि गेनरॉनच्या त्या वर्षीच्या पाहणीचे निकाल त्याच सुमारास जाहीर व्हायचे होते. चिनी बाजूच्या विनंतीवरून ते पुढे ढकलले गेले.