आपण हरलो

"आपण हरलो," मी फोनवर म्हणाले.

"मंगळवारीच की," आप्पा म्हणाले. "आज लंका-पाकिस्तान आहे. तासाभरात सुरू होईल."

११ सप्टेंबर २०२२, रविवार. इकडे लिंकनमध्ये सकाळचे आठ, तिकडे कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसहा. आशिया कपमधून भारत केव्हाच बाहेर पडला होता, पण फायनल सोडायची नाही म्हणून आप्पा टीव्हीपुढे पाय पसरून बसलेले. त्यांच्या लेखी 'आपण' म्हणजे भारत, नाहीतर आमची तालीम. तिसरं 'आपण' त्यांना ठाऊक नाही. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत मलाही नव्हतं.

"तसं नाही आप्पा, आपण म्हणजे… नेब्रास्का."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

नेब्रास्का म्हणजे अमेरिकेच्या बरोब्बर पोटातलं, मक्याच्या शेतांचं राज्य. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ इथे नाही, ना फुटबॉलचा (इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा खेळ), ना बास्केटबॉलचा. त्यामुळे राज्याची सगळी हौस, सगळा अभिमान आणि सगळा त्रागा लिंकनच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर. शनिवारी घरची मॅच असली की मेमोरियल स्टेडियम हे ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं, असं इथले लोक सांगतात. सांगतात आणि तुम्ही चकित होण्याची वाट बघतात. १९६२च्या नोव्हेंबरपासून इथली एकही मॅच 'हाउसफुल्ल' नाही असं झालेलं नाही. मधल्या काळात कितीतरी युद्धं झाली, कितीतरी राष्ट्राध्यक्ष येऊन गेले आणि, टेबलावरच्या मंडळींच्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नको ते कोचही येऊन गेले.

टेबल म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानातलं टेबल. शेजारचे आजोबा मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले. पाच-सहा म्हातारे आणि एक निवृत्त नर्सबाई. एक जण मका लावतो, एक जण आयुष्यभर बियाणं विकत होता, एक जण शाळेत गणित शिकवायचा. सोमवारी सकाळी सात वाजता कागदी पेल्यात कॉफी ओतायची आणि शनिवारची मॅच परत खेळायची. ही दुसरी मॅच नेहमी चांगली होते, कारण ती नेब्रास्काच जिंकतं.

मला हे सगळं ओळखीचं होतं. कोल्हापुरात आप्पांचं टेबल सायकलच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर भरायचं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार, प्रॅक्टिस विरुद्ध खंडोबा अशी तालमींची फुटबॉल मॅच झाली की रात्री अकरापर्यंत तिची चिरफाड चालायची. तालीम हरली की आप्पा जेवायला बसायचे, पण भाजी कशाची आहे हे त्यांना सांगता यायचं नाही. आई मुद्दाम विचारायची.

फरक एवढाच, की ती तालमीची गोष्ट होती. आमच्या कॉलेजलाही फुटबॉलचा संघ होता म्हणे. त्याचा कोच कोण हे मला आज आठवत नाही, कारण तेव्हाही ठाऊक नव्हतं. जिमखान्याचे सर असतील. वर्षातून एकदा नोटीस बोर्डावर फोटो लागायचा, पोरं ट्रॉफीच्या मागे बसलेली, सर कडेला उभे. त्या सरांना कुणी वर्षाला पन्नास लाख डॉलर देईल अशी कल्पना खुद्द सरांनाही सुचली नसती.

इथे देतात. त्या सुमारास राज्याच्या गव्हर्नरला वर्षाला १ लाख ५ हजार डॉलर मिळायचे आणि फुटबॉलच्या कोचला त्याच्या पन्नासपटीच्या आसपास. मी नवी होते तेव्हा टेबलावर भोळेपणानं विचारलं होतं, हे जरा उलटं नाही का? गणिताचे मास्तर शांतपणे म्हणाले, "गव्हर्नरचं नाव सांग." मला येत नव्हतं. "कोचचं?" ते येत होतं. विषय मिटला.

त्या टेबलावर बसायचं तर आधी वंशावळ पाठ करावी लागते. बॉब डेव्हेनी १९६२ साली आला आणि त्यानं १९७० आणि १९७१ची राष्ट्रीय विजेतेपदं आणली. त्याच्यानंतर टॉम ऑस्बोर्न, १९७३ ते १९९७. पंचवीस वर्षांत २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी आणि जाता जाता चार वर्षांत तीन विजेतेपदं. या नावाशी आलं की टेबलावरचा आवाज खाली येतो. पण आंधळी भक्ती म्हणावी तर तसंही नाही. हेच ऑस्बोर्न पुढे अमेरिकन संसदेत निवडून गेले, आणि २००६ साली गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा पक्षांतर्गत निवडणुकीतच पडले. "मग तुम्ही मत दिलं नाहीत?" मी विचारलं. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. नर्सबाई म्हणाल्या, "अगं, मत वेगळं आणि कोच वेगळा."

मग येतो फ्रँक सोलिच. ऑस्बोर्नचा चेला, इथलाच जुना खेळाडू. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव. २००३च्या मोसमात नऊ मॅच जिंकल्या, तीन हरल्या, आणि त्याला नारळ दिला गेला. नऊ-तीन म्हणजे पुरेसं नाही, असं वरच्यांना वाटलं. तेव्हा या टेबलावरच्या अर्ध्या लोकांनाही तसंच वाटलं होतं. आज कुणी कबूल करत नाही. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत जे जे वाईट घडलं, अगदी एका साली गारपिटीनं मका झोपला तेही, सोलिचला काढल्याच्या पापाच्या खात्यावर मांडलेलं आहे. बो पेलिनीनं सात वर्षं दरवर्षी किमान नऊ मॅच जिंकून दिल्या, त्यालाही काढलं. मग मात्र नऊ हा आकडा असा दुर्मीळ झाला की म्हातारे तो पितळी भांड्यासारखा घासूनपुसून बघतात.

आणि मग स्कॉट फ्रॉस्ट. जन्म लिंकनचा, लहानाचा मोठा इथल्याच वुड रिव्हर गावात झालेला, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या. फ्लोरिडातल्या संघाला २०१७ साली तेराच्या तेरा मॅच जिंकून दिल्या आणि गावचा पोरगा परत आला. त्या हिवाळ्यात टेबलावर कॉफी नव्हे, पेढे असल्यासारखं वातावरण होतं. पुढच्या पावणेपाच वर्षांत १६ विजय, ३१ पराभव. त्यातही २०२१चं वर्ष तर असं, की बारांपैकी नऊ मॅच हरल्या आणि नऊही एक आकडी फरकानं. सपाटून हरलं की माणूस टीव्ही बंद करून गवत कापायला जातो. असं काठावर हरलं की बोलत बसतो.

इंग्रजीत हे सगळं बोलणं 'वुई'मध्ये चालतं. "वुई" अमुक करायला हवं होतं, "वुई"नी तमुक केलंच कसं. इंग्रजीला त्या एका शब्दात भागतं. मराठी माणसाला मात्र आधी ठरवावं लागतं, समोरच्याला धरायचं की वगळायचं. मी मनातल्या मनात सगळं मराठीत ऐकते, ही माझी जुनी खोड, आणि इतकी वर्षं मला ते 'आम्ही' असंच ऐकू यायचं. आम्ही १९९७ साली जिंकलो. आम्ही सोलिचला काढायला नको होतं. मी आपली पाहुणी, मान डोलावणारी. बरंही होतं ते. हरल्याचा ताप नाही.

२७ ऑगस्ट २०२२ला मोसमाची पहिली मॅच डब्लिनला झाली, थेट आयर्लंडमध्ये, नॉर्थवेस्टर्नशी. नेब्रास्का २८-१७ असं अकरा गुणांनी पुढे. आता शहाण्या माणसानं काय करावं? चेंडू लांब मारून समोरच्यांना मागे ढकलावं. फ्रॉस्टनं ऑनसाइड किक सांगितली. म्हणजे चेंडू जेमतेम दहा यार्ड ढकलायचा आणि आपणच झडप घालून परत मिळवायचा. साधलं तर वाहवा, फसलं तर शत्रूला अर्धं मैदान आंदण. फसलं. मॅच गेली, २८-३१.

सोमवारी टेबलावर आजोबांनी प्रात्यक्षिक दाखवलं. साखरेच्या पुड्या म्हणजे आपली पोरं, गुलाबी स्वीटनरच्या पुड्या म्हणजे नॉर्थवेस्टर्न, मिरपुडीची बाटली म्हणजे किक मारणारा आणि कॉफीत घालायच्या क्रीमची ती इवलीशी डबी म्हणजे चेंडू. आजोबांचं बोट कापत होतं. वयानं की संतापानं, सांगता येत नाही. त्यांनी टिचकी मारली. डबी बरोब्बर गुलाबी पुड्यांत जाऊन पडली आणि फुटली. नर्सबाईंनी न बोलता टेबल पुसलं.

बियाणंवाले म्हणाले, "ऑस्बोर्ननं पण जुगार खेळलाच होता की." हे त्यांनी म्हणायला नको होतं. जानेवारी १९८४, ऑरेंज बोल ही मोसमाअखेरची मोठी मॅच, समोर मायामी. नेब्रास्का वर्षभर अपराजित. शेवटच्या मिनिटात ३०-३१. एक गुणाची सोपी किक मारून बरोबरी केली असती तर विजेतेपद बहुधा घरात होतं. ऑस्बोर्ननं किक सोडून दोन गुणांच्या अवघड डावासाठी जायचं ठरवलं, कारण बरोबरीवर विजेता व्हायचं नव्हतं. पासला कुणाचं तरी बोट लागलं आणि सगळं गेलं. ती हार इथे देव्हाऱ्यात आहे. आणि डब्लिनची किक उकिरड्यावर. दोन्ही जुगारच, पण पहिला खेळणाऱ्याच्या गाठीला अकरा वर्षांचं पुण्य होतं, दुसऱ्याच्या गाठीला नऊ एक आकडी पराभव. हे मी फक्त मनात म्हटलं. तेवढ्यात आजोबा माझ्याकडे वळले. "तू सांग. वुई काय करायला हवं होतं तिथे?"

मला विचारत होते. म्हणजे मला धरून. मला पहिल्यांदा ते 'आपण' असं ऐकू आलं.

दोन आठवड्यांनी, १० सप्टेंबरला, जॉर्जिया सदर्न आलं. अशा लहान संघांना पाहुणे म्हणून पैसे मोजून बोलावतात, चार मॅच जिंकल्याचं समाधान मिळावं म्हणून. आजोबांकडे दोन सीझन तिकिटं आहेत; दुसरं आजींचं, पण गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या चढत नाहीत. म्हणून मी गेले, लाल टीशर्ट घालून. नेब्रास्कानं पहिले गुण घेतले की हजारो लाल फुगे आकाशात सोडायची इथली रीत होती. त्या वर्षी हेलियमची टंचाई, म्हणून फुगे नाहीत. बचावही नव्हता. पाहुण्यांनी ६४२ यार्ड तुडवले. तुम्हाला आकडा कळत नसेल तर एवढंच सांगते की मैदान शंभर यार्डांचं असतं. आपण ४२ गुण केले आणि त्यांनी ४५. घरच्या मैदानावर ३५ किंवा अधिक गुण करून नेब्रास्का हरल्याची ही इतिहासातली पहिली वेळ.

हरल्यावरसुद्धा लोक उभे राहिले आणि बाहेर जाणाऱ्या पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. तीही इथली रीत. आजोबांनी वाजवल्या, मी वाजवल्या. शाहू स्टेडियमवर मी असलं काही केलं असतं तर आप्पांनी मला ओळख दाखवली नसती. गेटजवळ शेवटची किक चुकलेल्या आमच्या पोराबद्दल दोन माणसं काहीबाही बोलत होती. मला आठवड्यापूर्वी किराण्याच्या दुकानात दिसलेला संघातलाच एक मुलगा आठवला, गुडघ्याला पट्टा, बास्केटमध्ये नुसती केळी आणि नूडल्सची पाकिटं. त्याला मंगळवारी वर्गात जाऊन बसायचं होतं. कोचला शिव्या घालाव्यात, त्याला त्याचे पैसे मिळतात. पोरांना शिव्या घालायच्या नाहीत. निदान माझ्यादेखत नाही.

हे सगळं आप्पांना सांगायला पंधरा मिनिटं लागली. ज्या खेळात चेंडू हातात धरून पळतात त्याला फुटबॉल का म्हणायचं, यावर त्यातली पाच गेली. मग आप्पांनी घसा खाकरला. कट्ट्यावर बोलायच्या आधी खाकरायचे तसाच.

"बेचाळीस मारले म्हणतेस?"

"हो."

"आणि तरी हरलात."

"हो."

"मग पुढचे ठीक आहेत. मागची फळी कच्ची आहे तुमची. धावतात, पण अंगावर जात नाहीत. तुमच्या त्या कोचला सांग."

तुमची, तुमच्या. आप्पांनी एका वाक्यात मला पेठेतून काढून नेब्रास्कात घातलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

कोचला सांगायची वेळ आली नाही. त्याच दिवशी फ्रॉस्टला काढल्याची बातमी आली. सोमवारी टेबलावर गणिताचे मास्तर कागदी रुमालावर हिशेब करत होते. आत्ता काढलं तर करारानुसार दीड कोटी डॉलर द्यावे लागणार. १ ऑक्टोबरनंतर काढलं असतं तर त्याच्या निम्मे. म्हणजे वीस दिवस कळ न काढण्याची किंमत ७५ लाख. "दिवसाला पावणेचार लाख," मास्तरांनी खाली रेघ ओढली. आजोबा रुमालाकडे बघत म्हणाले, "स्वस्तात सुटलो."

मग मी माझ्या वडिलांचं निदान सांगितलं. पुढचे ठीक, मागची फळी कच्ची, अंगावर जात नाहीत. टेबल गप्प झालं.

"त्यांनी मॅच कुठे पाहिली?" बियाणंवाल्यांनी विचारलं.

"पाहिली नाही. हा खेळच कधी पाहिला नाही."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबांनी पेला खाली ठेवला. "सध्या काय करतात तुझे वडील? रिकामे आहेत का?"

रात्री फोनवर मी हा निरोप आप्पांना हसत हसत पोचवला. आप्पा हसले नाहीत. जरा वेळ थांबून म्हणाले, "थंडी किती असते गं तिकडे?"